पुसलेली आठी

म्हसळा,
६ जानेवारी २०२५

प्रितम,

जय भीम. एवढं सवयीनं लिहिलं. पुढचं सवयीचं नाही.

तुझा नंबर मी काल बंद करून टाकला. फोनवर तू बोलायला लागलास की मी ऐकून घेते, ही माझी तुझ्या लहानपणापासूनची खोड. म्हणून पत्र. तुला काही सांगायचं असेल तर कागदावर लिही आणि शाळेच्या पत्त्यावर पाठव.

शनिवारी शाळा सुटताना आमच्या नूतन मॅडम मोबाईल घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना चित्रं काढायचा नाद आहे. तुझा तो 'बोलके डोळे' नावाचा ऑनलाइन वर्ग त्या महिनाभर करतायत. शिकवणारा माझा भाऊ, खारघरला मोबाईलवरच्या खेळांसाठी माणसं रंगवतो, हे मीच त्यांना कौतुकानं सांगितलं होतं. त्यांनी सातवा धडा उघडून माझ्यासमोर धरला आणि हळूच विचारलं, "सुचिताबाई, या तुम्हीच ना?"

मीच होते. डाव्या भुवईतला वण, तू चार वर्षांचा असताना फेकलेल्या पाटीचा, तो कसा लपणार? पडद्याच्या एका बाजूला माझा फोटो आणि दुसऱ्या बाजूला तुझा तो पेन माझे डोळे रंगवत होता. फोटो कुठला ते बघताक्षणी कळलं. गेल्या वर्षीची सोळा एप्रिल. आईला स्मशानात पोचवून आम्ही परतलो होतो आणि मी ओटीवर बसले होते. दुपारी साडेतीनला तू आलास. बॅग खाली ठेवायच्या आधी फोन वर केलास. मला वाटलं, कुणाला तरी पोचल्याचं कळवतोयस.

धड्याचं नाव 'शोक'. खाली लिहिलंय, तेवीस हजार जणांनी पाहिला. तू त्यात शांत आवाजात सांगतोयस, "आता या बाईंच्या खालच्या पापणीकडे बघा."

या बाई.

आप्पा गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. त्यानंतर तुझं डबा-दप्तर, शाळा, कॉलेज, चित्रकलेला जायचं म्हणून धर्मामामाशी झालेलं भांडण, सगळ्याला मी उभी राहिले. त्या बाईला एकदा विचारावंसं वाटलं नाही तुला?

तो धडा काढून टाक. फोटो पुसून टाक. आणि मला कळव.

सुचिता

•

खारघर,
१५ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

जय भीम. तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला इतका राग येईल असं वाटलं असतं तर मी विचारलं असतं.

आधी हे सांगतो की धड्यात तुझं नाव नाही, गावाचं नाव नाही. पूर्ण चेहराही नाही, भुवयांपासून गालाच्या वरच्या हाडापर्यंतचा पट्टा आहे फक्त. तुला ओळखणारं माणूसच तुला ओळखेल. आमच्या कामात खऱ्या फोटोवरून शिकवावंच लागतं. मनानं काढलेले डोळे बाहुलीचे होतात. लोक बसल्या बसल्या पापण्यांचे केस काढायला घेतात आणि बुबुळात चार चमकदार ठिपके टाकतात. डोळ्याचा पांढरा भाग कधीच पांढरा नसतो, वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, खालच्या पापणीच्या काठावर ओलाव्याची एक बारीक रेघ असते, हे त्यांना दाखवावं लागतं. तुझ्या त्या फोटोत हे सगळं होतं. ओटीवर उजेडही एका बाजूनं येत होता. असा फोटो ठरवून मिळत नाही.

आणि आणखी एक, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. आई गेल्यावर मला रडू आलं नाही. घरी आलो, बुद्धवंदना झाली, लोक आले-गेले, पण आतून काही हललंच नाही. मग इथं परत आल्यावर मी तो फोटो उघडला आणि चाळीस तास तुझे डोळे रंगवत बसलो. तेच माझं रडणं होतं. कितीतरी लोकांनी कळवलंय की हा धडा बघताना त्यांना त्यांची माणसं आठवली. तो वाईट हेतूनं केलेला नाही, एवढं तरी समजून घे.

वर्ग चालवणाऱ्या कंपनीशी वर्षाचा करार आहे. मधला एक धडा काढता येणार नाही. सप्टेंबरमध्ये मुदत संपली की बघतो.

आई गेली त्या दिवशी फोन बंद पडला होता, चार्जर खोलीवर राहिला होता, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तुझा राग त्याचाच असेल तर त्यात माझा इलाज नव्हता.

तुझा,
प्रितम

•

म्हसळा,
२९ जानेवारी २०२५

प्रितम,

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नूतन मॅडमच्या घरी गेले. दोन रविवार बसून तुझे बाराच्या बारा धडे बघितले. त्या चहा तेवढा देत होत्या.

तू चांगलं शिकवतोस. मी शिक्षिका आहे, मला कळतं. म्हणून जास्त राग आला.

सातवा धडा मी चार वेळा बघितला. अकराव्या मिनिटाला तू माझ्या दोन भुवयांच्या मधली आठी पुसतोस. वर सांगतोस, "ही आठी मी काढून टाकतोय, ती शोक बिघडवते." मग म्हणतोस, खालची पापणी फोटोत जरा जास्त ताणलेली आहे, ती सैल करूया. मग नजर थोडी खाली वळवतोस, कारण फोटोतली बाई सरळ बघतेय. शेवटी डाव्या डोळ्यात पाणी भरतोस आणि त्यात उजेडाचा ठिपका ठेवतोस.

प्रितम, मी त्या दिवशी रडले नव्हते. दिवसभरात एक टिपूस नाही. मी तुझ्याकडे बघत होते आणि मला तुझा राग आला होता, इतका की उठले असते तर हात उचलला असता, म्हणून बसून राहिले. तो माझ्या चेहऱ्यावर होता. आठीत होता, पापणीत होता, सरळ तुझ्यावर रोखलेल्या नजरेत होता. तू चाळीस तास, आठशे टक्के मोठं करून तो बघितलास. एकेक करून पुसलास. आणि वरून त्याला शोक असं नाव दिलंस.

आता चौथा धडा. भुवयांचा. त्यात तुझ्या कॉम्प्युटरचा पूर्ण पडदा दिसतो. खालच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ आहे. पंधरा एप्रिल, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. दोन मिनिटांनी कसलीतरी घरघर ऐकू येते. तू म्हणतोस, "एक मिनिट हं," मग काहीतरी उचलून ठेवल्याचा आवाज येतो, घरघर थांबते आणि तू पुढे शिकवायला लागतोस.

माझ्या फोनमध्ये त्या दिवशीचे कॉल अजून आहेत, मी ते पुसले नाहीत. चौदाला जयंतीच्या मिरवणुकीत आई पांढरी साडी नेसून शेवटपर्यंत चालली. पंधराला सकाळी भांडी घासताना छातीला हात लावून खाली बसली. तिला गाडीत घालून माणगावला नेलं तिथपासून संध्याकाळपर्यंत मी तुला अकरा फोन केले. सातवा चार वाजून बारा मिनिटांनी.

तुझा फोन बंद नव्हता. चार्जर कुठंही राहिला नव्हता. आई विचारत होती, प्रितमचा फोन लागला का. सव्वासातला ती गेली.

याला तुझ्याकडे काय उत्तर आहे ते लिही. डोळ्यांवर ओलाव्याची रेघ कशी असते ते मला सांगू नकोस.

सुचिता

•

खारघर,
२२ फेब्रुवारी २०२५

ताई,

तीन आठवडे लिहायला बसतोय आणि उठतोय.

फोन चालू होता. पहिले सहा कॉल मी बघितले आणि उचलले नाहीत. मला वाटलं, जयंतीला आलो नाही म्हणून तू रागावणार आहेस. पहिले सहा धडे रेकॉर्ड करून द्यायची मुदत सोळा तारखेची होती. चारचा कॉल आला तेव्हा फोन आवाज बंद करून गादीखाली ठेवला. रात्री तुझे सगळे अकरा मिस कॉल बघितले आणि कळलं की काहीतरी झालंय. तरी लावला नाही. भीती वाटली. सकाळी दहाला लावला तेव्हा तू म्हणालीस, आम्ही थांबू शकत नाही, ऊन फार आहे. चार्जरचं मी एसटीत बसून ठरवलं.

हे तुला आधीच कळलं असेल असं मला सारखं वाटायचं. कदाचित म्हणूनच फोटो काढला. समोर येऊन तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती, मध्ये फोन धरला की बघता येत होतं.

तुझं पत्र आल्यावर मूळ फोटो पुन्हा उघडला. तू म्हणतेस ते सगळं त्यात आहे. भुवया आतून वर उचललेल्या नाहीत, त्या खाली दाबलेल्या आहेत. शोकात पापणी जड होते, तुझी टणक आहे. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळलं असतं. मी आठ वर्षं डोळे रंगवतोय. बुबुळातला उजेडाचा ठिपका मोठा करून बघितला तर त्यात एक काळा आकार आहे, हात वर केलेला. तो मी आहे. चित्र करताना तो डाग समजून मी काढून टाकला होता.

मी आता चूक दुरुस्त केली आहे. कंपनीशी बोलून तो धडा नव्यानं रेकॉर्ड केला. नाव बदललं, आता तो 'राग' आहे. काहीही पुसलेलं नाही, आठी, पापणी, नजर, सगळं जसंच्या तसं. आणि सुरुवातीला दहा मिनिटं मी कॅमेऱ्यासमोर बसून सगळं खरं सांगितलंय. ही माझी बहीण आहे, आई गेली त्या दिवशी मी फोन उचलला नाही, आणि तिच्या रागाला मी शोक म्हणालो. लोकांनी खूप शेअर केलाय. बऱ्याच जणांनी लिहिलंय की असं जाहीर कबूल करायला धैर्य लागतं.

तू एकदा बघ. मग तुला पटेल.

प्रितम

•

म्हसळा,
९ मार्च २०२५

प्रितम,

बघितला. बघावाच लागला, कारण माझ्या आधी तो सगळ्या म्हसळ्यानं बघितला होता.

काल महिला दिनाचा कार्यक्रम होता, तालुक्यातल्या शिक्षिका आल्या होत्या. मी भाषण करून खाली उतरले तर शेजारच्या तळा तालुक्यातून आलेल्या एका बाईंनी, ज्यांचं नावही मला माहीत नाही, माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "बाई, भावाला माफ केलंत ना? बिचारा किती रडला हो." मागं तिघीचौघी ऐकत उभ्या होत्या. मी हात सोडवून घेतला. आता त्या घरी जाऊन सांगतील, बाई फार कठोर आहे.

बघ तू काय केलंस ते. पहिल्या वेळी मला कुणी ओळखत नव्हतं, या वेळी नावगावासकट ओळखतात. पहिल्या वेळी तू माझा राग पुसलास, या वेळी तो बाजारात मांडलास. तुला आता शाबासकी मिळतेय. मला मिळतायत ते सल्ले. धर्मामामा सकाळीच येऊन सांगून गेला, "पोर चुकला, पन कबूल केलंन ना, आता किती तानशील?"

तुला माफी मागायची होती तर तीन तासांच्या रस्त्यावर मी राहते. चार तास धर. मी जिवंत आहे, शाळा सुटल्यावर घरी असते. तू हजारो परक्या माणसांकडे माफी मागितलीस आणि ती त्यांनी तुला देऊनही टाकली. माझ्याकडे मागितलीच नाहीस. तुझ्या पत्रात तो शब्द शोध. मी शोधला, नाही सापडला.

आणि खऱ्याचंच चाललंय तर माझंही एक घे. मागच्या पत्रात मी लिहिलं की आई तुझा फोन लागला का विचारत होती. ते खोटं आहे. गाडीत मी पहिल्यांदा तुला फोन लावला तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "त्याला न्हको सांगू," म्हणाली, "कामात हाय तो." मी तिला न दिसेल असा फोन धरून लावत राहिले. शेवटपर्यंत तिनं तुझं नाव काढलं नाही. माझंही काढलं नाही. मी तिच्या उशाशी होते ना, माझं नाव कशाला काढायचं.

हे तुला कळू नये असं मला वाटत होतं. तुझ्यावर ओझं राहावं म्हणून मी ते लपवलं. आता सांगते, कारण ओझं ठेवूनही तू त्याचा धडाच करतोस असं दिसतंय. पण एक लक्षात ठेव. तिनं तुला मोकळं केलं म्हणून मी केलं असं होत नाही. तिच्यावरही माझा राग आहे. ती गेली, म्हणून तो सांगायला जागा उरली नाही, एवढंच.

हे पत्र वाचून दाखवायला कॅमेरा लावू नकोस.

सुचिता

•

खारघर,
२७ मार्च २०२५

ताई,

दोन्ही धडे काढले. नवा आणि जुना. कंपनीनं नाही म्हटलं, मी वर्गच बंद करतो म्हणालो, मग त्यांनी तो बंद केला. तिथलं माझं काम संपलं. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, वर्ग का दिसत नाही असं नूतन मॅडम विचारतील म्हणून लिहितोय. त्यांना सरावाला हवे असतील ते धडे मी पोस्टानं पाठवतो, कागदावर काढून.

मूळ फोटो पुसला. चित्राची फाइल पुसली. लोकांनी आपापल्या फोनमध्ये ठेवलेलं माझ्या हातात नाही. ज्यांचे पत्ते सापडले त्यांना लिहिलंय, काढून टाका म्हणून. काहींनी काढलं.

आई काय म्हणाली ते वाचल्यावर रडलो. हेही नको होतं लिहायला, पण आता लिहिलंय.

मी तुझी माफी मागतो. फोटोची, धड्याची, त्या दुसऱ्या धड्याची आणि अकरा फोनची.

पंधरा एप्रिलला आईचं पुण्यस्मरण आहे. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

प्रितम

•

म्हसळा,
२१ एप्रिल २०२५

प्रितम,

तुला उत्तर लिहिलं नव्हतं. ये म्हणाले नाही आणि नको म्हणाले नाही. तरी तू आलास. तेव्हा मला वाटलं, झालं, परत न विचारता. पण तू घरात शिरला नाहीस. विहारापासच्या पायरीवर बसून राहिलास आणि शेजारच्या मनुबाईच्या हाती निरोप पाठवलास, ताईला विचार, आत येऊ का. मी भांड्यातला भात ढवळत होते. खरं सांगते, पाच मिनिटं मुद्दाम उत्तर दिलं नाही. बसू दे उन्हात म्हटलं. मग म्हटलं, येऊ दे.

वंदना झाली, खीर वाटून झाली, माणसं पांगायला लागली. समोरासमोर आलो तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी मान वळवली नाही. माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते तुला दिसलं असेल. या वेळी ते काय आहे हे तुला सांगावं लागलं नाही, हे मला तुझ्या चेहऱ्यावर दिसलं.

तू निघताना धर्मामामानं सगळ्यांसमोर विषय काढला ते मी आतून ऐकत होते. बायजाचं, तुझ्या आईचं, मोठं चित्र काढ, म्हणाला, भिंतीवर लावायला, आमच्याकडे तिचा एकच फोटो हाय तो पन डोळे मिटलेला, तू एवढा डोळ्यांचा कारागीर, डोळे उघडून दे तिचे. चार माणसांनी री ओढली. मी दाराशी येऊन उभी राहिले. तू हो म्हणणार असं मला वाटलं. तुला सोपं होतं ते. सगळ्यांना बरं वाटलं असतं, वर्षभरातलं सगळं त्या एका चित्राखाली झाकलं गेलं असतं, आणि मला तिथं उभं राहून छान म्हणावं लागलं असतं. माझ्या अंगाचा आधीच तिळपापड होत होता.

तू म्हणालास, "मामा, ताईला विचारावं लागेल."

मामा म्हणाला, तिला काय विचारायचं, ती काय नाही म्हणते का. तू पुन्हा तेच म्हणालास आणि बॅग उचलून चालू लागलास. मी दारात आहे हे तुला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्याचा विचार करतेय. आईचे डोळे मला पाठ आहेत. उजवी पापणी जरा उतरलेली, चूल फुंकून फुंकून लाल झालेले कोपरे, तांदूळ पाखडताना बारीक व्हायचे ते. तुला ते मनानं काढता येणार नाहीत. तू फार लवकर बाहेर पडलास. माझ्याकडून ऐकून काढावे लागतील, एकेक करून, इथं बसून. आणि मला अजून तुझ्या शेजारी बसवत नाही. माझा राग अजून तेवढाच आहे.

पण तू विचारलंस. म्हणून उत्तर देते.

नाही. अजून नाही.

पुढच्या वर्षी परत विचार.

ताई